उजव्या रकान्यातली पहिली जागा

बारावा महिना म्हणजे डिसेंबर नव्हे. हे वाक्य एनिड कॅपस्टिकनं गेल्या तीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, कुणास ठाऊक. आपल्या घराण्याचा माग काढायला लीड्सच्या दफ्तरखान्यात शनिवारी माणसं यायची, निवृत्त मास्तर, नुकत्याच विधवा झालेल्या बायका, हातात आजीचा एखादा फोटो आणि डोळ्यांत उगाचच अभिमान. आणि एनिड त्यांना पहिल्याच तासाला बजावायची की तिच्या पंथाचे जुने क्वेकर, मौनात प्रार्थना करणारे, शस्त्र न धरणारे ते ख्रिस्ती लोक, महिन्यांना नावं देत नसत, कारण ती नावं परक्या देवांची. ते नुसता आकडा लिहीत, आणि सतराशे बावन्न सालापर्यंत वर्ष मार्चात सुरू व्हायचं. बोटं मोजा, ती म्हणायची. मार्च पहिला, एप्रिल दुसरा, मे तिसरा. थंडी आली की दहावा डिसेंबर, अकरावा जानेवारी, आणि बर्फ वितळायच्या बेताला बारावा, फेब्रुवारी. माणसं शाळेतल्या पोरांसारखी बोटं मोजायची आणि हसायची. या एका ठिकाणी सगळे चुकतात, तुम्हीही चुकणार, ती म्हणायची. आणि आज, मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, तिचं स्वतःचं बोट बाराव्या महिन्यावर येऊन थांबलं आणि तिथून हलेना.

समोर फेसाच्या उशीवर वही उघडी होती. वही म्हणजे लग्नांची नोंदवही, सतराशे अठरा सालची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई वाळक्या पानाच्या रंगाची झालेली. लिहिणाऱ्याचं अक्षर तिरकं, घाईचं. लांब शेपटीचा एस एफसारखा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हात थकून खाली घसरलेला. एनिडला असली अक्षरं माणसांसारखी वाटायची. एखादं अक्षर दार लावून बसतं, त्याच्या उंबऱ्यावर दिवस दिवस बसून राहावं लागतं, आणि मग कधीतरी ते आतूनच कडी काढतं. आज तिनं कडी वाजवलीही नव्हती. ती दुसऱ्याच कुणासाठी ही वही चाळत होती आणि पान उलटताना नाव समोर आलं. मार्गरेट एअरी. तिच्या वडिलांची, वडिलांच्या वडिलांची, अशी मागे मागे जात सगळ्यांची मूळ बाई. लग्न, बाराव्या महिन्याचा बारावा दिवस, सतराशे अठरा.

“सापडली का गं कुणी?” पलीकडच्या टेबलावरून डेस्मंड ऑग्डेन कुजबुजला. हा जन्मभर बस हाकलेला माणूस, आणि आता दारूपायी क्वेकरांनी समाजाबाहेर काढलेल्या आपल्या एका पूर्वजाच्या मागे सात वर्षं लागलेला. “माझा म्हातारा परत सापडला बघ. आणखी एकदा काढलाय त्याला. एकाच माणसाला तीनदा बाहेर काढलं तुझ्या लोकांनी! मधे परत घेत होते की काय?”

“पश्चात्ताप झाला की घेत,” एनिड म्हणाली.

“मग चिवट होता म्हणायचा. माझ्यासारखा.” तो तिच्याकडे बघून थांबला. “काय झालं गं? पांढरी पडलीस.”

“काही नाही. तू तुझं बघ.”

काही नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरं नव्हतं, आणि खरं नाही ते बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या माणसांनी कोर्टात शपथ घेतली नाही, तीनशे वर्षं, कारण शपथेवर तेवढं खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असं कबूल करणं. तिचे वडील, एलवुड कॅपस्टिक, दुसऱ्या महायुद्धात बंदूक उचलायला नाही म्हणाले आणि तेरा महिने तुरुंगात पोती शिवून आले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला दाभणाचा खड्डा होता. संध्याकाळी त्या अंगठ्यानं ओट्सच्या पिठाचा, गुळाच्या काकवीचा केक तोडता तोडता ते तिला गोष्ट सांगायचे, एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. आपल्यात एक अ‍ॅग्नेस होती, ते म्हणायचे. अ‍ॅग्नेस एअरी. तिच्या मार्गरेटनं जहाजावरच्या सुताराशी लग्न ठरवलं, आणि त्या जहाजावर तोफा होत्या. सगळे म्हणाले, पोरगा चांगला आहे. अ‍ॅग्नेस लग्नाला गेली, बाकावर बसली, सगळ्यांबरोबर मौन धरलं. पण सह्यांची वेळ आली तेव्हा जागची उठली नाही. उजव्या रकान्यात घरच्या माणसांच्या सह्या असतात, त्यात बापाची आहे, भावांची आहे, आईची नाही. आणि लिहिणाऱ्यानं तिच्या नावापुढे लिहून ठेवलंय, नकार दिला. एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. तोफेवर आपलं नाव लिहायचं नाही, बाळ. आणि एनिड, सात वर्षांची, ओठांना काकवी लागलेली, त्या न उठलेल्या बाईचा काळा झगा आणि पांढरी टोपी डोळ्यांपुढे आणायची, आणि तिला वाटायचं, आपणही नाही उठणार.

आणि उठली नाही. दोन हजार चार, पाचवा महिना, आणि हा खराखुरा मे. स्किप्टनचं सभाघर, खिडक्यांतून मेंढ्यांचं ओरडणं आत येत होतं. तिची एकुलती एक लेक लोइस उभी राहिली, किअरन मल्ग्रूचा हात हातात घेतला, आणि पाद्री नाही, अंगठी नाही, नुसत्या त्या मौनात आपल्या तोंडानं म्हणाली की याला मी माझा नवरा करते. किअरन सैन्यात होता. लॉऱ्या दुरुस्त करायचा. पण त्या लॉऱ्यांतून काय जायचं ते सगळ्या जगाला माहीत होतं, आणि तीन आठवड्यांनी तो बसऱ्याला निघणार होता. तिथल्या त्याच युद्धाच्या विरोधात एनिड आदल्या वर्षी थंडीत पाटी धरून रस्त्यात उभी राहिली होती. मग लग्नाच्या दाखल्याचा मोठा कागद वाचून दाखवला गेला, आम्ही खाली सह्या करणारे या वेळी हजर होतो, आणि सगळे रांगेनं टेबलाकडे गेले, शेजारी, मैत्रिणी, किअरनची जाडजूड आई गालांवरचं पाणी पुसत, एक तीन वर्षांची मुलगी जिनं नुसता गोल काढला. एनिड बाकावर बसून राहिली. लोइसनं एकदा वळून पाहिलं. बोलावलं नाही. नुसतं पाहिलं, दूध उतू जातंय का ते दुसऱ्या खोलीतून बघावं तसं, आणि पुन्हा पाठ केली. त्या पाठीवरच्या शिवणी एनिडला अजून मोजता आल्या असत्या. आणि मनात काय होतं? दुःख? नाही. मनात एक काळोखा, गोड अभिमान होता, की शेजारी अ‍ॅग्नेस बसलीय.

लोइस वर्षातून दोनदा लीड्सला यायची, दुकानातला केक घेऊन. हवापाण्याचं बोलायची. एनिड स्किप्टनला कधी गेली नाही. तो कागद तिथं बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावलाय असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि आपल्या रिकाम्या जागेखाली बसून चहा पिणं तिला जमण्यासारखं नव्हतं. एकोणीस वर्षं. किअरन परत आला, गुडघा मोडून आला, सैन्य सोडलं, शाळेची बस चालवू लागला. हे सगळं एनिडला केकबरोबर कळायचं, तुकड्या तुकड्यांनी.

तिनं भिंग खाली आणलं. वडलांची टिपणवही तिच्याच पिशवीत होती, नेहमीच असायची, आणि तिच्यात त्यांच्या बारीक, तुरुंगात सुधारलेल्या अक्षरात होतं: मार्गरेटचं लग्न, १२ डिसेंबर १७१८. अ‍ॅग्नेसला पुरलं, २० जानेवारी १७१९. म्हणजे लग्नानंतर पाच आठवडे. पुरल्याची तारीख त्यांनी मागाहून कुणीतरी केलेल्या एका सुबक यादीतून घेतली होती, आणि यादी करणाऱ्यानं ती आधीच नव्या पद्धतीनं, बरोबर बदलून लिहिली होती. लग्नाची तारीख मात्र त्यांनी स्वतः वाचली, या वहीतून, कदाचित याच टेबलावर बसून. बारावा महिना. डिसेंबर. पहिल्या तासाला सगळे चुकतात ती चूक. बारावा म्हणजे फेब्रुवारी, आणि वर्ष मार्चात सुरू व्हायचं म्हणून आजच्या हिशेबानं साल सतराशे एकोणीस. अ‍ॅग्नेसला वीस जानेवारीला पुरलं, आणि लेकीचं लग्न झालं बारा फेब्रुवारीला. तेवीस दिवसांनी.

आणि तो शब्द? ती वाकली. मार्गरेट, जॉन एअरी आणि त्याची बायको अ‍ॅग्नेस यांची मुलगी, आणि अ‍ॅग्नेसच्या पुढे तीन अक्षरं, डी, ई, सी, आणि वर उचलून लिहिलेला बारका डी, त्याच्यावर शाईचा डाग. नकाराचाही इंग्रजी शब्द, डिक्लाइन्ड, त्याच तीन अक्षरांनी सुरू होतो, आणि मरणाचाही, डिसीज्ड. घाईत लिहिणारे दोन्ही असेच आखडून टाकतात. वडलांच्या हिशेबानं बाई लग्नाच्या दिवशी जिवंत होती; मग मरणाचा शब्द कसा असेल? म्हणून नकार. एका चुकीनं दुसरीला खांदा दिला, आणि दोघी इतकी वर्षं ताठ उभ्या राहिल्या. मृत. नुसतं मृत. बाई उठली नाही, कारण बाई मातीत होती. मार्गरेटच्या बाकावर आईची जागा रिकामी होती, आणि ती बिचारी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहिली असेल. आईनं लेकीला विणून दिलेलं काही अंगावर असेल किंवा नसेलही. बर्फ असेल. माती अजून खचलीही नसेल.

एनिडच्या शेजारी बसलेली बाई उठून गेली. तसंच वाटलं तिला, अगदी अंगाला. बाकाची लाकडी फळी हलकी झाली आणि ती एकटी उरली, स्किप्टनच्या सभाघरात, चौपन्न वर्षांची, हात मांडीवर, कुणाच्याही आधाराशिवाय नुसतीच न उठलेली.

आणि तिनं तपासलं का नव्हतं? जगाची घराणी तपासली. डेस्मंडच्या दारुड्याच्या तारखा तिनंच दुरुस्त करून दिल्या. वडलांच्या ओळीवर मात्र भिंग धरलं नाही. ते खरं बोलणारे होते म्हणून? की ती ओळ तिला तशीच हवी होती म्हणून?

“डेस्मंड,” ती म्हणाली, “हा शब्द वाच.”

तो उठून आला, गुडघे कटकट वाजवत. “मृत,” तो लगेच म्हणाला. “यात काय वाचायचंय? तूच शिकवलंस. डाग जरा बाजूला ठेवला की झालं.”

“दुसरं काही वाटत नाही?”

“दुसरं काय वाटणार? मेली म्हातारी.” मग तिचा चेहरा बघून म्हणाला, “जवळची होती का?”

स्टेशनवरून तिनं फोन केला. “आई?” लोइसचा आवाज घाबरलेला. “कोण गेलं?”

“कुणी नाही. मी येतेय. तुमच्या घरी.”

“आमच्या?” मागे कुठेतरी छपाईचं यंत्र खडखडत होतं, लोइस शाळेच्या कचेरीत काम करायची. “का?”

“तो कागद बघायचाय.” बघायचाय एवढंच म्हणाली, सही करायचीय हे तोंडातून निघेना. पण पिशवीत पेन होतं, काळ्या शाईचं, दफ्तरखान्यात आत नेऊ देत नाहीत म्हणून सकाळी बाहेरच्या कपाटात ठेवलेलं. कागदावर लिहिलंय, या वेळी हजर होतो. संमती होती असं नाही लिहिलेलं, आनंद झाला असंही नाही. हजर. ती हजर होती. मेंढ्या ओरडत होत्या, शिवणी मोजल्या होत्या. एकोणीस वर्षांनी नाव घातलं तरी ते खोटं होणार नव्हतं. इतकं सोपं होतं ते तेव्हाही.

तिकडे दार लावल्याचा आवाज आला, यंत्राची खडखड दबली. मग लोइस हळू आवाजात म्हणाली, “मी पाचला सुटते. पाचनंतरच ये. आणि लवकर पोचलीस तर किअरनशी कागदाबद्दल काही बोलू नकोस. ऐकतेयस ना? एक अक्षर नाही.”

आपण त्याला टोचून बोलू अशी लेकीला भीती वाटते, एनिडला वाटलं, आणि तेही गिळलं. गाडी शिपलीपर्यंत रिकामी होत गेली. बाहेर कालवा, कालव्यात गढूळ पाणी, आता घरं झालेल्या दगडी गिरण्यांच्या खिडक्या. तिनं मनातल्या मनात सही गिरवली. तिचा ई दोन पोटांचा, उलट्या तीनसारखा, जुन्या वह्यांतून उचललेला. एनिडमधला शेवटचा डी सरळ, काठी रोवल्यासारखा. सही करताना लोइसला काय म्हणायचं? काही नाही. मौनात वाढलेल्या माणसांना हे एक बरं असतं.

ती लवकर पोचली. स्टेशनवर बसून राहायचं तिनं ठरवलं होतं, पण पाय थांबले नाहीत. दार किअरननं उघडलं, बसचालकाचा निळा सदरा, हातात चहाचा फडका. तो जाड झाला होता. “एनिड,” तो म्हणाला, आणि मग पुढचं काहीच सुचेना म्हणून मोठ्यानं हसला. “या की. लोइसचा फोन आला होता मघाशी, धावत येतेय म्हणाली. चहात साखर किती घालू? जावई होऊन एकोणीस वर्षं झाली, पण हेच माहीत नाही बघा मला!”

“नको साखर.”

“वाटलंच.”

खोली उबदार होती, कपडे वाळत घातल्याचा वास. ती कागदाकडे बघायचं नाही असं ठरवून बसली आणि म्हणूनच तिला तो सगळ्यात आधी दिसला, शेगडीच्या वर, काचेखाली, पिवळट. तिचे डोळे तिकडे गेलेले किअरननं पाहिले. “हां, ते बघायला आलात होय? मग बसून कसं दिसेल? इकडे या.” त्यानं तिला कोपराला धरून उठवलं, बसमधून पोरांना उतरवताना धरत असेल तसं, आणि बोट काचेवर टेकवलं. उजवा रकाना. वधूवरांच्या नावांखाली, घरच्या माणसांत, सगळ्यात वर. “ही तुमची. पहिलीच.”

एनिड कॅपस्टिक, असं तिथं लिहिलेलं होतं.

काळी शाई. दोन पोटांचा ई, हुबेहूब. कॅपस्टिकचा सी तिचाच, खाली ओढलेला. ती वाकली, सवयीनं, जणू भिंग हातात आहे. पण एनिडमधला डी काठीसारखा नव्हता. त्याची शेपटी वर जाऊन डावीकडे मागं वळलेली, मांजरीनं झोपताना वळवावी तशी. ही शेपटी तिनं आधी पाहिली होती. पाच वर्षांची लोइस, स्वयंपाकघरातलं टेबल, बाहेर पाऊस. सरळ काढ, लोइस. पुन्हा काढ. पानभर काढ. आणि पानभर डी, सगळे मागं वळून बघणारे.

“तुम्हाला सांगतो,” किअरन मागून म्हणत होता, “त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मी म्हटलं, गेलं. मग रात्री लोइसनं कागद दाखवला, म्हणाली, बघ, सगळे गेल्यावर आईनं केली. तिकडे बसऱ्याला पोरं चिडवायची मला, तुझ्या सासूला तुझं तोंड नको. मी म्हणायचो, नसेना का, सही केलीय बाईनं. आणि ती माणसं मनात नाही ते लिहीत नाहीत.” तो थांबला. फडका या हातातून त्या हातात घेतला. “बरं वाटायचं. एवढंच.”

किल्ली दारात फिरली. लोइस आत आली, धापा टाकत, कोट अंगावर, केस कपाळाला चिकटलेले. तिनं त्या दोघांना कागदापुढे पाहिलं आणि दारातच राहिली.

“तुझ्या आईकडे बघ,” किअरन हसत म्हणाला, “स्वतःच्याच सहीकडे अशी बघतेय, जणू दुसऱ्या कुणाची आहे. काय हो, तुमचीच ना?”

खोलीत ते मौन आलं, जे एनिडला जन्मापासून ओळखीचं होतं. ज्यात बसून आपली माणसं सत्याची वाट बघतात, आणि ते आलं की उठून बोलतात. पिशवीत पेन होतं. उजव्या रकान्यात आता जागा नव्हती. एका माणसाची एकच सही असते.

“माझीच,” एनिड म्हणाली.

“मग झालं तर,” किअरन म्हणाला, आणि चहा गाळायला आत गेला.

तिनं चहा घेतला, अर्धा. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. पावणेसहाच्या गाडीसाठी ती उठली तेव्हा लोइस फाटकापर्यंत आली, हात कोपरांत दुमडून, आणि दोघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“तुझा डी अजून मागं वळतो,” एनिड म्हणाली.

“माहीत आहे मला.” लोइसच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “त्या रात्रीही माहीत होतं. म्हटलं, एकदा जरी घरात पाऊल टाकलंस तर पहिल्याच दिवशी ओळखशील. मग काय व्हायचं ते होईल.” तिनं फाटकाची कडी काढली. “एकोणीस वर्षं लागली.”

एनिडला अ‍ॅग्नेसचं सांगायचं होतं, डाग, तेवीस दिवस, बारावा महिना. पण ते सांगून काय होणार होतं? त्या मार्गरेटची आई मेली होती.

“आज खोटं बोललीस, आई,” लोइस म्हणाली.

“हो.”

“त्याच्यासाठी?”

एनिड फाटकाबाहेर पडली. लोइसही थांबली नाही. घराचं दार लागलं, आत दिवा लागला. गाडीत एनिडनं वडलांची वही मांडीवर उघडली, पेन काढलं, डिसेंबर खोडला आणि वर फेब्रुवारी लिहिलं, सतराशे अठराचं एकोणीस केलं. अ‍ॅग्नेसच्या पुढचा नकार खोडून मृत लिहिलं. मग पान तसंच उघडं ठेवून बसली. कधीतरी, तीनशे वर्षांनी, कुणीतरी बोटं मोजत तो स्किप्टनचा कागद वाचेल, उजव्या रकान्यावर भिंग धरेल, आणि शेजारच्याला सांगेल की आई हजर होती, पहिली सही तिचीच आहे, अक्षर किती स्पष्ट आहे बघा. आणि त्या वाचणाऱ्याची कुठेही चूक होणार नाही.